ओटीवर कोण बसायचं? रिकामं बसण्याचा छोटासा इतिहास

[सुरुवातीला झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज : करर्र… करर्र…]

हेडफोन लावलेत ना? आता जो आवाज ऐकलात तो स्टुडिओतला नाही बरं का. गेल्या मे महिन्यात गावी गेले होते, राजापूर तालुक्यात. दुपारी जेवून ओटीवरच्या झोपाळ्यावर बसले, मोबाइल शेजारी ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. कशासाठी, ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं. तासभर मी काहीही केलं नाही. समोर अंगण, त्यापलीकडे पाणंद, कुणीतरी जाताना "कधी आलीस गो?" विचारणार, आपण "काल" म्हणणार, की झालं. आयुष्यात इतकं स्वस्त आणि इतकं भारी सुख दुसरं नाही, असं वाटलं.

मुंबईला परत आल्यावर ते रेकॉर्डिंग ऐकताना एक प्रश्न डोक्यात आला. मी जिथे बसले होते, तिथे माझी आजी कधी बसायची? आजचा भाग त्या प्रश्नाचा आहे.

आधी घर समजून घेऊ

ज्यांनी कोकणातलं जुनं घर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. समोर शेणानं सारवलेलं अंगण, म्हणजे खळं. मग जांभ्या दगडाचं उंच जोतं आणि दोन-चार पायऱ्या. पायऱ्या चढलात की पडवी. पडवीपासून आणखी एक पायरी वर ओटी. ओटीच्या मागे उंबरठा, उंबरठ्याच्या आत माजघर, देवघर, स्वयंपाकघर, आणि अगदी शेवटी मागची पडवी.

ही रचना कुणी हौस म्हणून केलेली नाही. रत्नागिरीच्या किनारपट्टीवर वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा 4 महिन्यांत. म्हणून जोतं उंच, की ओल आणि विंचूकाटा घरात येऊ नये. छप्पर उतरतं आणि पुढे इतकं खाली आलेलं, की उंच माणसानं वाकूनच आत यावं. त्यामुळे तिरपा पाऊस आत येत नाही आणि उन्हाळ्यात दुपारचं ऊनही ओटीपर्यंत पोचत नाही. गरम हवा वर जाते आणि कौलांच्या फटींतून निघून जाते. पुढची बाजू मोकळी, वारा सरळ आत. म्हणजे ओटीवर बसल्यावर जो गारवा लागतो ना, तो एसीशिवायचा एसी आहे.

फक्त कोकणात नाही हं. देशावर तीच जागा ओसरी किंवा ओटा होते, कोल्हापूरकडे सोपा, वाड्यांमध्ये ढेलज. गोव्यात गेलात तर जुन्या घरांच्या दारात समोरासमोर दोन बांधीव बाकं दिसतील, त्यांना सोपो म्हणतात आणि त्या सगळ्या पुढच्या भागाला बलकांव. आणि 'व्हरांडा' हा शब्द आपण इंग्रजी समजतो, पण वास्को द गामाच्या 1498 सालच्या सफरीच्या पोर्तुगीज वृत्तांतात तो आहे. इंग्रज इथे यायच्या शंभर वर्षं आधी!

घराच्या या भागानं भाषेलाही पुष्कळ दिलंय. "भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी" ही म्हण ऐकलीय ना? म्हणीत टोमणा आहे, पण तिच्यातून एक गोष्ट सहज कळते. वाटसरूला रात्रीपुरती ओसरी द्यायची पद्धत होती. लॉज नव्हते, एसटी नव्हती. माणूस चालत यायचा, ओसरीवर पथारी टाकायचा, सकाळी निघून जायचा. घर आपलं, पण ओसरी थोडी गावाची.

पण सगळ्या गावाची नाही

आता दुसरा वाक्प्रचार घ्या. "पायरी ओळखून राहा." किंवा "ज्याला त्याला पायरीनं वागवावं." आपण हे सहज बोलून जातो. ही पायरी कुठली? मला वाटतं, ती या घरांच्या तोंडाशी रोज दिसायची. कोण अंगणातच उभा राहणार, कोण पायरीपर्यंत येणार, कोण पडवीत टेकणार, कोण ओटीवर बसून पान खाणार आणि कोण थेट माजघरात जाणार, हे सगळं ठरलेलं. कुठेही लिहिलेलं नाही, पण 5 वर्षांच्या पोरालाही पाठ.

आमच्या घरात काय होतं ते सांगते, लपवत नाही. पडवीच्या वाशाच्या खोबणीत एक कानतुटका कप असायचा. टोपल्या, सुपं घेऊन एक म्हातारे गृहस्थ यायचे, त्यांच्यासाठी वेगळा. ते अंगणात उकिडवे बसायचे, चहा वरून ओतला जायचा, आणि कप त्यांनीच विसळून परत खोबणीत ठेवायचा. चहा ओतायला कोण यायचं? माझी आजीच. मी एकदा तिला विचारलं, "आजी, तो कप शेवटी गेला कुठे?" म्हणाली, "आठवत नाही बाय." खरंच आठवत नसेल. किंवा सांगायचं नसेल.

आता तारीख बघा. पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, ते साल 1868. घराच्या हद्दीत कुणाला येऊ द्यायचं, हा किती मोठा प्रश्न होता हे त्या एका कृतीवरून कळतं. आमच्या खोबणीतला कप त्यानंतर शंभर वर्षांनीही तिथेच होता.

सारवणारी आणि बसणारा

आणि घरातल्या बायका? आजी 1956 साली लग्न होऊन या घरात आली, वय 18. ओटी रोज सकाळी झाडायची, सणावाराला सारवायची, संध्याकाळी कंदील आणून ठेवायची. तिथे पानाचं तबक, अडकित्ता, तंबाखूची डबी, सगळं तिनं नेऊन ठेवायचं. पण झोपाळ्यावर सासरे, खांबाला टेकून दीर, आले-गेले पुरुष. ती उंबरठ्याच्या आत, दाराच्या आडून. निरोप द्यायचा तर पोराला पाठवायचं.

मी विचारलेलं, "मग तुला बसावंसं नाही वाटलं कधी?"

तिचं उत्तर माझ्या डायरीत तसंच्या तसं लिहिलेलं आहे : "बसायला वेळ कुठं होता? आणि बसले असते, तर बसू कोणी दिलं असतं?"

दोन प्रश्न आहेत बघा त्यात, आणि क्रमही लक्षात घ्या. आधी वेळ, मग परवानगी. निवांत बसायला ओटी लागते, हे खरं. पण आधी मागची पडवी सांभाळणारं कुणीतरी लागतं.

ओटी मुंबईला जाते

आता गाडी मुंबईकडे. 1854 मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी काढली, आणि पुढच्या काही दशकांत गिरणगाव उभं राहिलं. कामगार कुठून आले? सातारा, कोल्हापूर, आणि सगळ्यात जास्त आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातून. त्यांच्यासाठी उभ्या राहिल्या चाळी. ओळीनं खोल्या आणि पुढे सामाईक गॅलरी.

माझे आजोबा असेच गिरणीत लागले. सुरुवातीला गाववाल्यांच्या खोलीत राहायचे, 10 बाय 12ची खोली आणि माणसं दहा-बारा. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच जागेवर आडवा. मग उरलेले कुठे? गॅलरीत. म्हणजे चाळीची गॅलरी काही निवांत बसायला बांधलेली ओटी नव्हती. खोलीत जे मावत नव्हतं ते सगळं तिथे यायचं : माणसं, पाण्याची पिंपं, वाळत घातलेले कपडे, अभ्यास करणारी पोरं.

1963 मध्ये आजी दोन मुलांना घेऊन लालबागला आली. आणि इथे एक गंमत झाली. गावच्या मोठ्या घरात जे मिळालं नव्हतं, ते तिला या एका खोलीत मिळालं. दुपारी 2 वाजता, नळाचं पाणी भरून झालं, पुरुष पाळीवर किंवा झोपलेले, तेव्हा चाळीतल्या बायका गॅलरीत येऊन बसायच्या. तांदूळ निवडायचे, लसूण सोलायची, पापड लाटायचे. हात चालू, तोंडही चालू. हाताशी काम हवंच, नुसतं बसलेलं दिसलं तर कुणीतरी बोलणार! पण बसायच्या. खालून जाणाऱ्या प्रत्येक माणसाकडे बघायच्या. रस्ता बघायचा हक्क असतो मंडळी, आणि तो आजीला 25व्या वर्षी, मुंबईत, तिसऱ्या मजल्यावर मिळाला.

या गॅलऱ्यांनी आपल्याला काय काय दिलं! 1893 मध्ये गिरगावात केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला, पुढे चाळीचाळीत उत्सव पसरला, आणि अंगणात कार्यक्रम असला की गॅलऱ्याच नाटकाच्या बाल्कन्या झाल्या. पु. ल. देशपांड्यांचं 'बटाट्याची चाळ', सई परांजपे यांचा 'कथा' हा 1983चा सिनेमा, चाळीतली ती ये-जा काढून टाकली तर दोन्हींत काय उरेल?

भरलेल्या गॅलऱ्या

आता जरा अवघड भागाकडे येते. 18 जानेवारी 1982. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही.

आजी सांगायची, त्या वर्षी गॅलऱ्या दिवसाढवळ्या पुरुषांनी भरलेल्या असायच्या. सकाळी 10 वाजता, दुपारी 3 वाजता. कठड्याला टेकून, बिडी ओढत, भोंग्याची वाट बघत. सुरुवातीला गप्पा, पत्ते, कॅरम. मग गप्पा कमी झाल्या. मग एकेकजण गावी निघून गेला.

आणि बायका? त्या परत आत गेल्या. कुणी खानावळीचे डबे करायला लागल्या, कुणी दादर-माटुंग्याकडे घरकामाला. आजीनं पोळ्या लाटायचं काम धरलं. माझे बाबा तेव्हा शाळेत होते. ते म्हणतात, "तुझे आजोबा दिवसभर गॅलरीत बसलेले असायचे, पण त्यांना कधी आरामात बसलेलं पाहिलं नाही."

हे वाक्य ऐकल्यापासून मला 'निवांत' हा शब्द जपून वापरावासा वाटतो. जागा तीच, स्टूल तेच, वारा तोच. पण उद्या काम आहे हे माहीत असेल, तरच आजचं बसणं सुखाचं. नाहीतर ते नुसतं थांबणं असतं.

आणि आपण?

आजोबांची चाळ आता नाही. मी उपनगरात 11व्या मजल्यावर राहते. बाल्कनी होती म्हणे, आधीच्या मालकांनी खिडकी लावून खोलीत घेतली. खाली पार्किंगच्या पायऱ्यांवर पाटी आहे, "येथे बसू नये." वॉचमनकाकांना विचारलं, कुणासाठी आहे ही पाटी? ते हसून म्हणाले, "ताई, तुमच्यासाठी नाही." म्हणजे डिलिव्हरीवाली पोरं, घरकामाला येणाऱ्या मावश्या. पायरी ओळखून राहा, फक्त आता ती छापून लावलीय.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी 2011 मध्ये 'व्हाय लॉयटर?' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं साधं आहे : मुंबईत बाईला कामाशिवाय, कारणाशिवाय, नुसतं रेंगाळायचा हक्क हवा. मी ते वाचलं तेव्हा मला आजीच आठवली, तांदळाचं सूप मांडीवर घेतल्याशिवाय गॅलरीत न येणारी.

आजोबा गेल्यावर 1994 साली आजी गावी परतली. सासरे नाहीत, दीर नाहीत, घर रिकामं. मी लहानपणी सुट्टीत जायचे तेव्हा ती ओटीवर असायची, पण खाली, खांबाला टेकून. झोपाळ्यावर आम्ही पोरं. एकदा मी तिला हाताला धरून ओढलं, "बस ना गं आजी." ती बसली. पाय जमिनीला टेकवलेले, झोका न घेता. मग मी मागून हळूच ढकललं आणि ती केवढ्यांदा हसली! त्यानंतर मात्र दर मे महिन्यात गेलं की झोपाळा तिचा. आम्हाला मिळायचाच नाही.

तर या आठवड्यात एक करा. तुमच्या घरात, चाळीत, सोसायटीत, गावी, बसायची जी जागा असेल तिथे 10 मिनिटं बसा. मोबाइल खिशात. आणि बसण्याआधी इकडेतिकडे बघा, इथे कोण कधीच बसत नाही? शक्य असेल तर त्यांना म्हणा, "बसा ना जरा." त्या वेळेत भांडी तुम्ही घासा.

मी आता पुढचं एक मिनिट काही बोलणार नाही. आमच्या ओटीवरचा आवाज ऐका. पुढच्या भागात भेटूच.

[झोपाळ्याच्या कड्या. लांबून कोंबडा. पाणंदीतून कुणाचा तरी आवाज : "कधी आलीस गो?"]