उडवणारे हात

१९७८ सालचा ‘सुपरमॅन’ म्हटला की डोळ्यांपुढे ख्रिस्तोफर रीव्ह येतो. मला मात्र त्याला उडवणारी माणसे आठवतात. झोरान पेरिसिक यांनी कॅमेरा आणि प्रोजेक्टर, दोघांनाही झूम भिंगे लावून ती एकमेकांशी जोडली. त्यामुळे मागचे आकाश होते तेवढेच राही, पुढे अधांतरी धरलेला रीव्ह मात्र जवळ झेपावताना दिसे. छायालेखक जेफ्री अन्सवर्थ चित्रपट झळकण्याआधीच, ऑक्टोबर १९७८मध्ये गेले; चित्रपट त्यांनाच अर्पण केलेला आहे. या दृश्यचमत्कारांना १९७९च्या एप्रिलमध्ये विशेष ऑस्कर मिळाले, तेव्हा सहा मानकऱ्यांपैकी लेस बोवी हयात नव्हते. म्हणून मी श्रेयनामावली संपेपर्यंत खुर्ची सोडत नाही. तुम्हीही सोडू नका.