चांदीवरचा सम्राट

रोमन लोकांच्या चांदीच्या नाण्याला देनारियस म्हणत. इ. स. पू. २११ च्या सुमारास ते सुरू झाले. वजन सुमारे चार ग्रॅम, आकार कोटाच्या गुंडीएवढा. बायबलातल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मजुराचा रोज एक देनारियस ठरलेला आहे. म्हणजे हे कष्टकऱ्याच्या हातात पडणारे नाणे. राज्यकर्त्यांनी नेमके तेच हेरले. त्या काळी वर्तमानपत्र नव्हते, रेडिओ नव्हता. जे सांगायचे ते नाण्यावर ठोकले की पगाराबरोबर आपोआप घरोघर पोचते!

आधी नाण्यावर रोमा देवी असे, नंतर बड्या घराण्यांचे पूर्वज आले. रोमच्या टाकसाळीत जिवंत माणसाचा चेहरा प्रथम उमटला तो ज्युलियस सीझरचा, इ. स. पू. ४४ साली. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याचा खून झाला. मारणाऱ्यांत ब्रूटस होता. त्याने इ. स. पू. ४२ च्या सुमारास आपले नाणे काढले. एका बाजूला दोन खंजीर आणि मधोमध टोपी. ही टोपी गुलामगिरीतून सुटलेला माणूस घालीत असे. आम्ही रोमला मुक्त केले, असे त्याला सांगायचे होते. बरं, दुसऱ्या बाजूला तोंड कुणाचे? खुद्द ब्रूटसचे! आणि याच गृहस्थाचा पैसा सायप्रस बेटावरच्या सलामिस शहराला शेकडा ४८ व्याजाने दिलेला होता, हे सिसेरोच्या पत्रांवरून कळते. सावकाराच्या नाण्यावर सुटकेची टोपी! गुलाम मात्र होते तिथेच राहिले.

ही चांदी यायची कुठून? बरीचशी स्पेनच्या खाणींतून. कार्थागो नोव्हाच्या खाणींवर ४०,००० माणसे राबत, असे पॉलिबियसच्या हवाल्याने स्ट्रॅबोने लिहून ठेवले आहे. त्यांचे चेहरे कोण कोरणार?

हरलेल्यांचा चेहरा मात्र कोरला जाई. इ. स. ७० मध्ये जेरुसलेम पडले. सम्राट व्हेस्पासियनच्या देनारियसवर जिंकलेल्या हत्यारांच्या खांबाखाली शोक करीत बसलेली एक बाई दिसते आणि खाली तिच्या देशाचे नाव. शिवाय साम्राज्यातल्या ज्यू लोकांवर वर्षाला माणशी दोन देनारियस कर बसवला. अपमानही त्यांचाच आणि पैसाही त्यांचाच.

पुढे नाण्यातली चांदी पळू लागली. नीरोने इ. स. ६४ मध्ये वजन आणि कस दोन्ही घटवले. इ. स. २६८ पर्यंत, गॅलिएनसच्या अखेरीस, चांदीच्या म्हणवणाऱ्या नाण्यात शेकडा पाच भागही चांदी उरली नव्हती. सम्राटाच्या डोक्यावर मात्र सूर्यकिरणांचा मुकुट कायम!

आपल्या देशातही ही नाणी आली. ऑगस्टस आणि टायबेरियसचे देनारियस दक्षिण भारतात ढिगाने सापडले आहेत. भडोच बंदरात ते स्थानिक नाण्यांशी बदलताना फायदा होतो, असे 'पेरिप्लस' या पुस्तकात नोंदले आहे. पैठण आणि तेरचा माल गाड्यांतून त्याच बंदराला जाई. रोमचे राज्य गेले तरी शब्द आपल्याकडे राहिला. गुप्तांच्या काळी सोन्याच्या नाण्याला दीनार म्हणत. सांचीच्या इ. स. ४१२-१३ च्या शिलालेखात आम्रकार्दव नावाच्या अधिकाऱ्याने तिथल्या भिक्खुसंघाला २५ दीनार दिल्याची नोंद आहे. ते भिक्खूंच्या भोजनासाठी आणि विहारात दिवा तेवत ठेवण्यासाठी होते.