गारदिणींची पलटण
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



दिवाळीच्या आधी चार दिवस घरोघरच्या मुलांना किल्ल्याचे वेड लागते. दगड, विटा, गोणपाट आणि चिखल यांचा डोंगर उभा राहतो, त्यावर अळीव पेरले जातात, आणि मग माळ्यावरच्या खोक्यातून मातीची चित्रे बाहेर निघतात. हैदराबादेत काचीगुड्याला राहणाऱ्या आमच्यासारख्या मराठी कुटुंबातही ही रीत अजून चालू आहे. गेल्या दिवाळीत माझी नात ही चित्रे ओळीने मांडीत होती. तोफेशेजारी गोलंदाज, बुरुजावर भालाईत, दरवाज्यात पहारेकरी, सिंहासनावर महाराज. बायका दोनच होत्या : डोक्यावर घडा घेतलेली गवळण आणि जात्याशी बसलेली एक बाई. नातीने विचारले, "आजोबा, ह्यांत लढणारी बाई एकही नाही. असं का हो?" मी चष्मा पुसत सांगून टाकले, "बाळ, त्या काळी बायका लढाईला जात नसत."

हे उत्तर ज्या शहरात बसून मी दिले, त्या शहरापुरते तरी ते साफ चुकीचे होते. शाळेत खर्ड्याची लढाई शिकलेल्या आणि आयुष्य हैदराबादेत घालवलेल्या माणसाने असे उत्तर द्यावे, ही गोष्ट मला मागाहून फार लागली. म्हणून आज आपल्यापुढे बोलायला हाच विषय घेतला आहे.

दुसरा निजाम, निजाम अली खान, याच्या पदरी स्त्रियांच्या दोन पलटणी होत्या. प्रत्येकीत एक हजार स्त्रिया. त्यांना 'जफर पलटण', म्हणजे विजयी पलटण, असे नाव होते. राजवाड्याच्या आतल्या भागात पहारा करावा, आणि जनाना बाहेर निघाला की त्याच्यासोबत कूच करावे, हे त्यांचे नेहमीचे काम. १८११ ते १८२० या काळात हैदराबादेत इंग्रज रेसिडेंट असलेल्या हेन्री रसेलने त्यांची माहिती नोंदवून ठेवली आहे. कंपनीचे शिपाई पूर्वी घालीत तसा पोशाख त्या घालीत, खांद्यावर बंदूक वागवीत, आणि फ्रेंच पद्धतीची कवाईत बऱ्यापैकी बिनचूक करीत. दरमहा पगार पाच रुपये. त्याच सुमारास कंपनीच्या बंगालकडील शिपायाला सात रुपये मिळत. दोन रुपयांचा हा फरकही इतिहासच आहे!

पलटणींचे नायकत्वही स्त्रियांकडेच होते. एकीवर मामा बरन ही होती. दुसरीवरच्या बाईचे नाव कोठे मामा चंपा, तर कोठे मामा चंबेली असे येते. 'मामा' या शब्दाने आपण फसू नये. दखनीत मामा म्हणजे घरातली वडीलधारी दासी किंवा दाई. निजामाच्या कुटुंबात विश्वासाने वाढलेल्या या दोन स्त्रिया हजार-हजार बंदुकांच्या धनी होत्या.

या शिपाई स्त्रियांना 'गारदणी' म्हणत. रसेल हा शब्द इंग्रजी 'गार्ड'चा अपभ्रंश मानतो. मराठी कानाला मात्र तो शब्द ऐकताच आणखी काही आठवते. पानिपतावर तोफा चालवणारा इब्राहिमखान गारदी आणि १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यावर तलवार उपसणारे सुमेरसिंगादी गारदी आपल्या परिचयाचे आहेत. परदेशी धर्तीवर कवाईत शिकलेला पायदळी शिपाई, तो गारदी. या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप आपल्या कोशात शोधावेसे कोणाला वाटले नाही. हैदराबादेत ते रूप जिवंत होते आणि त्यामागे दोन हजार माणसे उभी होती.

आता खर्ड्याकडे वळू. ११ मार्च १७९५ रोजी जामखेडजवळच्या खर्ड्याच्या परिसरात पेशवे आणि निजाम यांची गाठ पडली. मराठ्यांकडे परशुरामभाऊ पटवर्धन सेनापती, मागे नाना फडणिसांची बुद्धी, आणि शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले अशी सर्व मोठी घराणी एकत्र आलेली. निजामाकडे रेमाँ या फ्रेंच सरदाराचे कवायती पायदळ. हैदराबादचा मुसारामबाग याच 'मुस्यू रेमाँ'च्या नावावरून ओळखला जातो. दोन्ही बाजूंची फौज लाखाच्या घरातली. परंतु त्या मानाने माणसे फार थोडी पडली. रात्री निजाम खर्ड्याच्या लहानशा किल्ल्यात शिरला, कोंडला गेला, आणि दौलताबादसह मोठा मुलूख, कोट्यवधींची खंडणी व आपला दिवाणही ओलीस देऊन त्याला सुटका करून घ्यावी लागली.

निजाम रणातून मागे का फिरला? शतकाहून अधिक काळ याचे एक सोपे उत्तर सांगितले जाते : बायकांमुळे. जनाना सोबत होता. तोफांच्या आवाजाने बेगमा घाबरल्या. लाडक्या बक्षी बेगमेने आग्रह धरला आणि निजामाने माघार घेतली. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकीकत आहे आणि पुढे अनेकांनी ती उचलली. परंतु तोच डफ त्या रात्रीची दुसरीही हकीकत सांगतो. घोड्यांना पाणी पाजण्यासाठी ओढा शोधीत निघालेली मराठ्यांची एक लहानशी टोळी अंधारात मोगलांच्या चौकीवर आली. चौकीने गोळ्या झाडल्या; तो आवाज ऐकून रेमाँच्या कवायती फौजेने, समोर कोणी नसता, ओळीच्या ओळीने बार काढले; आणि त्या गदारोळात निजामाने किल्ला गाठला. म्हणजे पाणी प्यायला आलेल्या घोड्यांना पाहून बिचकले ते पुरुष. दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात आहेत. लोकांच्या तोंडी मात्र बेगमच राहिली.

आणि त्याच छावणीत बंदूक खांद्यावर घेतलेल्या त्या गारदणीही होत्या. जफर पलटण खर्ड्यावर हजर होती, असे रसेल स्पष्ट लिहितो. आणि निजामाच्या बाकीच्या फौजेहून तिची वागणूक निदान वाईट तरी नव्हती, असा अभिप्राय देतो. या वाक्यात टोमणा आहे. तो गारदणींना आहे की बाकीच्या फौजेला, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, पराभवाचे कारण सांगताना ज्यांनी बाईची भीती आठवणीत ठेवली, त्यांना बाईची पलटण आठवणीत ठेवता आली नाही.

कोणी म्हणेल, त्या राजवाड्याच्या रखवालदारणी. त्यांना सैनिक म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. शंका रास्त आहे. मोगलांच्या अंतःपुरातही उर्दूबेगी नावाच्या शस्त्रधारी स्त्रिया पहारा करीत, आणि निजामाची प्रथा त्याच वळणाची होती. गारदणींनी शत्रूवर चाल करून मोर्चे जिंकले, असे मी म्हणणार नाही. परंतु ज्याला कवाईत आहे, गणवेश आहे, पगार आहे, नायक आहे आणि जो छावणीबरोबर रणापर्यंत जातो, त्या पुरुषाला आपण शिपाई म्हणतो. मोजमाप दोघांना एकच असावे. आफ्रिकेतील दाहोमे राज्याच्या स्त्री-पलटणी १८९० नंतरच्या दशकात फ्रेंच फौजेशी समोरासमोर लढल्या, तेव्हा जगाला नवल वाटले. त्याआधी शंभर वर्षे आपल्या मूसी नदीच्या काठी फ्रेंच कवाईत करणाऱ्या स्त्रिया होत्या, हे आपल्यालाच ठाऊक नव्हते.

आता पुन्हा त्या चिमुकल्या शिपायांकडे येऊ. युद्धाची खेळणी ही केवळ पोरांची करमणूक नव्हे. प्रशियात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावर खेळायचा युद्धखेळ सैन्याच्या शिक्षणासाठी सिद्ध केला. लंडनमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ पासून आतून पोकळ असे शिशाचे शिपाई स्वस्तात ओतले आणि ते घरोघर गेले. १९१३ साली एच. जी. वेल्स या प्रसिद्ध लेखकाने अशा शिपायांनी खेळायच्या लढाईवर पुस्तकच लिहिले. त्याच्या पूर्ण शीर्षकात मुलींनाही जागा दिली आहे. पण ती अपवाद म्हणून, मुलग्यांचे खेळ आवडणाऱ्या मुलींना. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयाच्या बालदालनातही खेळण्यातल्या सैनिकांच्या फौजा मांडलेल्या आहेत, आणि त्यांच्यासमोर मुलांइतकेच मोठेही रेंगाळतात.

या हौसेचा आज जगभर मोठा व्यापार आहे. इतिहासातील लढाया मेजावर मांडून खेळणारे लोक अठ्ठावीस मिलिमीटर उंचीचे सैनिक वापरतात, आणि बटणे किती, पट्टा कोणत्या खांद्यावरून, यावर तासन् तास वाद घालतात. पण स्त्री-सैनिक करायची वेळ आली की पुष्कळ कारागिरांची ही काटेकोर नजर कोठे जाते कोण जाणे! उघड्या मांड्या, मोकळे केस, आणि छातीच्या आकाराचे चिलखत. चिलखताचा फुगवटा घाव बाहेर सरकावा म्हणून असतो. दोन उंचवट्यांच्या मध्ये खळगा ठेवला, तर तलवारीचे टोक नेमके छातीच्या हाडावर येईल. असे चिलखत घालणारी बाई पहिल्याच चकमकीत मरेल. तिथे बाई दाखवायची असते, सैनिक दाखवायचा नसतो.

याच्या जागी एक गारदीण घडवून पाहा. अंगात तांबडा कोट, छातीवर आडवे पट्टे, काडतुसांची पिशवी. माणूस सुमारे साठपट लहान केला की अठ्ठावीस मिलिमीटरचा होतो. दीड मीटर उंचीची बाई धरली तर तिची पुतळी पंचवीस मिलिमीटर, आणि त्या काळची सुमारे एकशे चाळीस सेंटिमीटर लांब चकमकीची बंदूक तेवीस मिलिमीटर. बंदूक जमिनीवर टेकवली तर तिचे तोंड तिच्या डोळ्यांशी येते! वजन चार किलोच्या वर. काडतूस दाताने फोडायचे, दारू नळीत ओतायची आणि मग गज वर उचलून ठासायचा, तर तिला बंदूक तिरपी धरावी लागणार, पाय फाकून उभे राहावे लागणार, हात डोक्याच्या वर न्यावा लागणार. एवढे मोजमाप केले की पुतळी आपोआप खरी होते. आणि पाच रुपयांत काय काम करून घेतले जात होते, तेही कळते. एका पुतळीमागे वीस माणसे धरली, तर दोन्ही पलटणींसाठी शंभर पुतळ्या लागतील. खर्ड्याच्या मेजावर त्या शंभर पुतळ्या नसतील, तर तो खेळ इतिहासाचा नव्हे.

लहान आकाराची वस्तू मोठे सत्य दाखवू शकते, याची एक खूण हैदराबादेतच आहे. कोठीतील जुन्या रेसिडेन्सीत, जिथे आज महिला विद्यापीठ आहे, तिथे मागच्या बागेत त्या भव्य इमारतीची एक छोटी प्रतिकृती आहे. रेसिडेंट कर्कपॅट्रिक याची बेगम खैरुन्निसा पडद्यात राहत असल्यामुळे तिला इमारतीचा दर्शनी भाग पाहता येत नसे. म्हणून त्याने ती प्रतिकृती करविली, अशी आख्यायिका आहे. पडद्याआड असलेल्याला बाहेरचे जग दिसावे म्हणून ती प्रतिकृती होती. गारदणींच्या बाबतीत गोष्ट उलटी आहे. त्या पडद्याच्या आत पहारा देत होत्या, आणि त्यांना पाहायचे आहे ते आपल्याला, बाहेर उभे असलेल्यांना.

२०२५ सालच्या मे महिन्यात खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी, सतरा जणींची, शिक्षण पुरे करून बाहेर पडली. वर्तमानपत्रांनी ती बातमी आनंदाने छापली, आणि ते योग्यच झाले. मात्र 'हे पूर्वी कधी झालेच नव्हते' असे म्हणण्यापूर्वी आपण थोडे थांबावे. निर्मळचे कारागीर हलक्या लाकडाची रंगीत खेळणी करतात. सावंतवाडीत तीच कला आहे. दिवाळीची चित्रे करणारे कुंभार गावोगाव आहेत. यांपैकी कोणी तांबड्या कोटातली एक गारदीण घडवली, तर ती विकत घेणारा एक गिऱ्हाईक मी आजच कबूल आहे.

नातीला मी माझी चूक सांगितली. तिने सर्व ऐकून घेतले आणि मग विचारले, "म्हणजे त्या निजामाकडच्या? मग आपल्या किल्ल्यावर त्यांना कशा ठेवायच्या?" प्रश्न बिनतोड होता. महाराजांच्या मावळ्यांत गारदीण बसवणे हे काळालाही धरून नाही आणि बाजूलाही. शेवटी आम्ही असे ठरवले आहे की येत्या दिवाळीला अंगणात किल्ल्यापासून हातभर अंतरावर खर्डे मांडायचे. एका बाजूला पटवर्धनांचे स्वार, दुसऱ्या बाजूला गारदणी. खर्ड्यावर जिंकले ते आपले पूर्वज. पण हरलेल्यांतल्या त्या बायका ज्या गावच्या, त्या गावात आज आमचे घर आहे. तेव्हा त्यांनाही ओळीत, नीट, गणवेशासह उभे केले पाहिजे.