दोन घरचा पाहुणा

आमच्या निजामपुऱ्यात मागांची खडखड थांबली की समजावे, वीज गेली. परवा अशाच शांततेत शेजारचे चाचा पासबुक घेऊन आले. उभे आयुष्य यंत्रमागावर काढलेला माणूस. म्हणाले, "सर, बँकेच्या तीन राज्यांत शाखा आहेत. एवढी मोठी, म्हणजे पैसा पक्का ना?"

मला चटकन हो म्हणवेना. निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटीतली काही रक्कम मी एका पतपेढीत ठेवली होती. ती आजतागायत पुरती परत आलेली नाही. व्याज किती, एवढेच मी विचारले होते. लक्ष कोण ठेवतो, हे विचारलेच नाही.

१९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली. त्या धक्क्यातून १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विमा आला. मर्यादा पंधराशे रुपये! ती १९९३ मध्ये एक लाख आणि २०२० मध्ये पाच लाख झाली.

१९६६ पासून सहकारी बँकांना दोन मालक झाले. पैशाचा व्यवहार रिझर्व्ह बँकेने पाहायचा. नोंदणी, निवडणुका, कारभार सहकार निबंधकाने. अनेक राज्यांत पसरलेल्या बँकेचा निबंधक तर थेट दिल्लीत. आपल्याकडे म्हणतातच, दोन घरचा पाहुणा उपाशी. पीएमसी बँकेचे तेच झाले. १९८४ साली मुंबईत सुरू झालेली ही बँक अनेक राज्यांत पसरली. सत्तर टक्क्यांहून अधिक कर्ज एकाच बांधकाम समूहाला दिलेले, आणि ते लपवायला हजारो खोटी खाती! सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले. सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढायची मुभा होती.

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. बीसीसीआय ही बँक नोंदलेली लक्झेंबर्गला, कारभार लंडनहून, शाखा सत्तरेक देशांत, त्यातली एक मुंबईतही. अख्खा हिशेब एकाही देशाच्या हाती नव्हता. ५ जुलै १९९१ रोजी ती बंद पडली. त्यानंतर १९९५ मध्ये युरोपने नियम केला, की जिथे नोंदणी तिथेच मुख्य कचेरी हवी. पुढे २००८ च्या मंदीने पुन्हा पोळल्यावर, २०१४ पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या मोठ्या बँका थेट युरोपियन सेंट्रल बँकेच्या देखरेखीखाली आल्या. आपल्याकडेही २०२० च्या कायद्याने सहकारी बँकांच्या व्यवस्थापनावर रिझर्व्ह बँकेचा अधिकार वाढला. पीएमसी जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पण मोठ्या ठेवीदारांच्या वाट्याला काही वर्षांचे हप्ते आले. शहाणपण आले, पण ठेवीदार पोळल्यावरच.

चाचांना सांगितले, "शाखा मोजू नका. एका बँकेत तुमच्या नावावर कितीही शाखांत पैसे असोत, व्याजासकट मिळून विमा पाच लाखांचाच. आणि पतपेढीला तर तोही नाही."

चाचा हसून म्हणाले, "सर, तुम्हाला हे आधी माहीत असतं तर?"

तेवढ्यात वीज आली. माग सुरू झाले, आणि उत्तर द्यायचे राहून गेले. असो.