कोऱ्या पत्राची गोष्ट

अंधेरी-बोरिवलीच्या जुन्या गावठाणांतले आपले ख्रिस्ती शेजारी रविवारी मिस्सेला जातात, तेव्हा तेथे पुष्कळदा संत पौलाचे एखादे पत्र वाचले जाते. पत्र सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे, मूळ ग्रीक भाषेतले. इंग्रजीत अशा पत्राला 'इपिसल' असे भारदस्त नाव आहे. मूळ ग्रीक शब्द 'एपिस्तोले'. लॅटिनने त्याचा 'एपिस्तुला' केला. 'एपि' म्हणजे कडे, 'स्तेल्लेइन' म्हणजे धाडणे; तेव्हा कोणाकडे धाडलेले ते 'एपिस्तोले'. त्याच धातूमागे 'अपो', म्हणजे दूर, हे उपपद लागले की दूर धाडलेला माणूस होतो, इंग्रजीतला 'अपॉसल'. मराठी बायबलात त्याला 'प्रेषित' म्हटले आहे, ते किती नेमके!

हा 'एपि' आणि हा 'अपो' आपल्याला अगदीच परके नाहीत. संस्कृतातले 'अपि' आणि 'अप' हे त्यांचे सख्खे भाऊबंद. गंमत अशी, की हे भाषांचे नाते ज्यांना फार लवकर जाणवले त्यांत 'ख्रिस्तपुराण' रचणारे फादर स्टीफन्स होते, आणि त्यांनी ते नमूद केले तेही एका पत्रातच! ते 1579 साली गोव्यास आले व तेथल्या साष्टीत राहिले. (आपली अंधेरी-मुलुंडची साष्टी निराळी, नाव मात्र एकच.) 1583 साली भावाला धाडलेल्या लॅटिन पत्रात त्यांनी लिहिले, की इकडच्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे. सर विल्यम जोन्स यांचे प्रसिद्ध व्याख्यान झाले 1786 साली, म्हणजे त्यानंतर 203 वर्षांनी.

साधा 'लेटर' हा शब्द लॅटिन 'लित्तेरा'वरून आला. 'लित्तेरा' म्हणजे अक्षर. पुष्कळ अक्षरे मिळून पत्र. ग्रीकांनी धाडणे पाहिले, रोमनांनी अक्षरे, आणि आपण? आपण पान पाहिले. पत्र म्हणजे झाडाचे पान!

यावरून चांगदेव आठवतात. वयाने लहान अशा ज्ञानेश्वरांना 'चिरंजीव' लिहावे की 'तीर्थरूप', या मायन्यापाशीच ते अडले आणि कोरेच पत्र धाडून मोकळे झाले, अशी कथा आहे. रोमन हिशेबाने ते पत्रच नव्हे. अक्षर एकही नाही. पण पान होते, आणि धाडलेही होते. आळंदीकरांनी ते पत्र म्हणूनच घेतले व पासष्ट ओव्यांचे उत्तर धाडले.