श्वान शो : कारवान कुत्रा रिंगणात कसा दाखवावा?
सोलापूर, सांगली, लातूर भागात पाळला जाणारा कारवान चपळ असतो, पण परक्याचा हात सहसा अंगाला लावून घेत नाही. शोमध्ये मात्र पंच दात, अंग, नराचे वृषण हातानं तपासतात. तिथं कुत्रा चावायला धावला, तर थेट बाहेर. म्हणून महिना-दोन महिने आधीपासून रोज वेगवेगळ्या माणसांना अंगावरून हात फिरवायला लावावा, ओठ उचलून दात दाखवायची सवय करावी.

उभा करताना पुढचे पाय सरळ, मागचे किंचित मागं ठेवावेत. चालवताना कुत्रा डाव्या हाताला, पट्टा सैल, चाल दुडकी ठेवावी. पंच आणि कुत्र्याच्या मधे येऊ नये. मारून शिकवू नये. दबलेला कुत्रा शेपूट पायात घालतो आणि चांगला असूनही मागं पडतो.