मज्जातंतूंच्या इजेनंतरची दीर्घकालीन वेदना : कारणमीमांसेचा इतिहास

प्रस्तावना :
जखम भरून आल्यानंतरही वेदना का टिकून राहते, या प्रश्नाची वैद्यकशास्त्राने दिलेली उत्तरे काळानुसार बदलत गेली. वेदनेचे दृश्य कारण सापडत नसे तेव्हा रुग्णाच्या तक्रारीवरच शंका घेतली जाई. त्यामुळे हा इतिहास रुग्णाच्या शब्दाला मिळालेल्या मान्यतेचाही आहे.

निरीक्षणापासून सिद्धान्तापर्यंत :
अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१-६५) फिलाडेल्फिया येथील टर्नर्स लेन रुग्णालयात सायलस वेअर मिचेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळी लागून मज्जातंतू दुखावलेल्या सैनिकांचा अभ्यास केला. हा अभ्यास १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. हलक्या स्पर्शानेही असह्य होणाऱ्या या दाहक वेदनेस मिचेल यांनी पुढे 'कॉझाल्जिया' असे नाव दिले. १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी द्वार-नियंत्रण सिद्धान्त मांडला. वेदनेचे संदेश मज्जारज्जूतच कमी-अधिक केले जातात, हे त्याचे सूत्र होते. तथापि विवेचनाच्या केंद्रस्थानी चेतापेशीच राहिली.

प्रतिकारपेशींचा सहभाग :
मेंदू व मज्जारज्जूतील मायक्रोग्लिया या प्रतिकारपेशींची स्वतंत्र ओळख स्पेनचे पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्येच पटवून दिली होती; वेदनेशी त्यांचा संबंध मात्र फार उशिरा तपासला गेला. इजेनंतर मज्जारज्जूतील मायक्रोग्लियावर 'पी२एक्स४' या ग्राहीचे प्रमाण वाढते व ती रोखल्यास उंदरांमधील स्पर्शजन्य वेदना कमी होते, असे जपानी संशोधक माकोतो त्सुदा, काझुहिदे इनोउए व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखविले. या पेशींतून स्रवणारे 'बीडीएनएफ' हे प्रथिन चेतापेशींवरील नैसर्गिक अंकुश दुबळा करते, हे २००५ मध्ये स्पष्ट झाले. परिणामी साधा स्पर्शही वेदनेचे रूप घेतो.

२०१५ मध्ये या चित्राची मर्यादा उघड झाली. मायक्रोग्लियाचे कार्य रोखल्याने नर उंदरांची वेदना शमली, माद्यांची शमली नाही. माद्यांमध्ये टी-पेशींचा सहभाग असल्याचे संकेत मिळाले. तोवरचे बहुतांश प्रयोग नरांवरच झाले होते. दीर्घकालीन वेदनेने ग्रस्त असणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक असल्याने ही त्रुटी गंभीर ठरते.

निष्कर्ष :
प्रतिकारसंस्थेच्या अभ्यासामुळे जखमेनंतर उरणाऱ्या वेदनेस शारीरिक आधार मिळाला. उंदरांवरील निष्कर्ष मानवास जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, हे खरे. परंतु कारण दिसत नाही म्हणून वेदनाच नाही, असे म्हणण्यास आता शास्त्राचा आधार उरलेला नाही.